त्रेसष्ट श्रोते

मोहिनीला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं ऐकल्यावर लोक तिला नाही नाही ते बोलतील. बोलू देत बापडे. वाईट माणूस निदान ठरवून वाईट करतो, भलं माणूस डोळे मिटून करतं आणि वर रात्री शांत झोपतं. मोहिनी सहा महिने अशीच शांत झोपत होती.

बत्तीस वर्षांची बाई. लग्न करून पाचोऱ्याला गेली आणि दोन वर्षांत नशिराबादला माहेरी परत आली. का आली, ते गावानं आपापल्या परीनं ठरवून टाकलं होतं, त्यामुळे तिला कुणी विचारलं नाही. जळगावात भूषण सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. वीस मशीन, तीन बॅचेस, शिकायला कॉलेजच्या पोरींपासून निवृत्तीला आलेल्या सुकदेवकाकांपर्यंत सगळे. सगळे तिला मॅडम म्हणायचे. घरी मात्र आई तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायची, आणि मोहिनीला त्याचाच जास्त राग यायचा.

सकाळी पहिल्या बॅचच्या अर्धा तास आधी ती यायची. वीसही मशीन चालू करायची, धूळ पुसायची आणि हेडफोन तपासायची, कारण पोरं वायरी ओढून ओढून त्यांची वाट लावत. तपासायला काही तरी आवाज हवा. सिनेमाची गाणी तिला नको झाली होती, तिच्या लग्नात ती सगळी वाजून गेली होती. शोधता शोधता तिला एक साइट सापडली. कुठल्याही कंपनीची नसलेली, ओळखपाळख नसलेली माणसं तिथं स्वतःची गाणी ठेवत, आणि ज्याला हवं त्यानं ती ऐकावीत, हवी तर उतरवूनही घ्यावीत. पैसा नाही, जाहिरात नाही. फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, तसं. कुणी डोंगरातल्या भाषेत गुणगुणायचा, कुणी नुसती पावरी वाजवायचा, एका बाईनं तर आपल्या शिवणयंत्राच्या ठेक्यावर गाणं रचलं होतं. गाण्याखाली आकडा असायचा, किती जणांनी ऐकलं त्याचा. सात. अकरा. तीन. जगात आपण चौथ्याच आहोत हे ऐकणाऱ्या, या विचारानं मोहिनीला सकाळी सकाळी बरं वाटायचं. तेवढा अर्धा तास तिचा स्वतःचा होता.

जूनमध्ये तिला समाधान सापडला.

शिंदखेड्याचा, तीस-एकतीस वर्षांचा. फोटोत मागं पत्र्याची भिंत, हातात गिटार. गाणं अहिराणीतलं. सुरतला कामाला जाणाऱ्या माणसांना सोडायला आलेली बाई फलाटावर उभी आहे, एवढंच त्यात. ‘गाडी गई, फलाट ऱ्हायना’, म्हणजे गाडी गेली, फलाट तेवढा राहिला, ही ओळ तो चार वेळा म्हणायचा, आणि चौथ्या वेळी आवाज असा खाली यायचा की मोहिनी हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. नशिराबादची बोली वेगळी, पण अहिराणी तिला कळायची. शिवाय फलाट म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती. ती रडली. मोकळं रडली, कारण बॅचला अजून वीस मिनिटं होती. गाण्याखाली आकडा होता चार. नावापुढं त्यानं स्वतःबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या: ‘वडील शाळेत शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागेवर मला घेतात का बघू. तोवर गातो.’

तिनं स्वतःच्या नावानं खाली लिहिलं, फार आवडलं म्हणून. आणि मग तिला वाटलं, एवढ्या गाण्याला पाचच माणसं? हे काही बरोबर नाही. तिनं दुसऱ्या मशीनवरही तेच गाणं लावलं. मग तिसऱ्या. हेडफोन तपासायचेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा चोवीस झाला होता.

इथं थांबली असती तरी भागलं असतं. पण अभ्यासक्रमात एक धडा होता: ईमेल उघडणं, एखाद्या साइटवर नाव नोंदवणं, तिथं मराठीत टाइप करून अभिप्राय देणं. दरवर्षी ती पोरांना कुठल्या तरी बातमीखाली लिहायला लावायची. यंदा तिनं हीच साइट दिली. काय लिहायचं ते पोरांना सुचेना, तेव्हा तिनं सरावासाठी एक कागदच छापला. त्यावर बारा वाक्यं, एकेकानं एकेक घ्यायचं. ‘आपला आवाज काळजाला भिडला.’ ‘असेच गात राहा, थांबू नका.’ ‘तुमच्यासारख्या कलाकारांची महाराष्ट्राला गरज आहे.’ त्यात जोडाक्षरं भरपूर होती, सरावाला उत्तम. शेवटी स्वतःचं नाव आणि गाव लिहायचं. पाचोऱ्याची ऋतिका, एरंडोलचा तेजस, नशिराबादचे सुकदेवकाका, असे करता करता तीन बॅचेस मिळून बासष्ट जण झाले. समाधाननं नवं गाणं ठेवलं की त्या आठवड्याचा टायपिंगचा सराव त्याच्याखाली व्हायचा.

आता सांगा, यात वाईट ते काय होतं? पोरं शिकत होती, गायकाला बरं वाटत होतं. महिन्याभरात समाधाननं गाण्याखाली लिहिलं, ‘जळगावकरांनो, तुमच्यामुळं उभा आहे.’ ते वाचून मोहिनीला इतका आनंद झाला, इतका, की ती दिवसभर स्वतःशीच हसत होती. तिच्यामुळं कुणी तरी उभं होतं. तिला तर दोन वर्षं आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असंच वाटत आलं होतं. एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवावं, तसं ती त्याला चढवत गेली. वरून जमीन केवढी लांब दिसते ते खाली उभ्या चढवणाऱ्याला कळत नाही.

आणि खरी गोष्ट अशी की पुढं पुढं ती ऐकेनाशीच झाली. वीस मशीनवर वीसदा क्लिक करायचं, वीस हेडफोन खिळ्यांना अडकवायचे. तेवढ्यात भूषण सरांचा फोन, हजेरीचा फॉर्म, कुणाचं तरी मशीन अडलेलं. गाणं रिकाम्या खोलीत खिळ्यांवर वाजत राहायचं. पोरं तर टाइप करताना हेडफोन लावतच नसत. आकडा मात्र वाढायचा. नोव्हेंबरच्या शेवटी त्याचं नववं गाणं आलं, त्याचा आकडा तर सातशेवर गेला. खाली बासष्ट अभिप्राय. मोहिनीनं ते गाणं तोवर पहिल्या अंतऱ्यापुढं ऐकलंच नव्हतं.

अकरा डिसेंबरला, गुरुवारी, त्यानं जाहीर केलं. येत्या रविवारी सकाळी अकराला धुळ्यात, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम. प्रवेश सगळ्यांना मोफत. जळगावकरांना धुळं सोयीचं म्हणून शिंदखेड्याऐवजी धुळं. आई स्वतःच्या हातानं जेवण करणार आहे, तेव्हा जेवूनच जायचं. आणि शेवटी एक ओळ: ‘तुम्ही सगळ्यांनी एकमुखानं सांगितलंत, म्हणून नोकरीला नाही म्हणतोय.’

मोहिनीनं ती ओळ पुन्हा वाचली. एकमुखानं कुणी, काय सांगितलं? तिनं सात नंबरच्या मशीनवर नववं गाणं लावलं, हेडफोन कानाला घट्ट धरला आणि शेवटपर्यंत बसली. गाणं चार मिनिटांत संपलं. मग गिटार बाजूला ठेवल्याचा आवाज आला, आणि तो बोलायला लागला. साधं, आपण घरात बोलतो तसं.

“जळगावकर मंडळी, एक विचारायचं होतं. शाळेनं बाबांच्या जागेवर मला घ्यायचं कबूल केलंय. पंधरा डिसेंबरपर्यंत होय-नाही लिहून द्यायचंय. घेतली तर दिवसा शाळा आणि रात्री वसतिगृहाचा पहारा, गाणं सुटेल. नाही घेतली तर घरात दुसरं काही नाही. आमचे लोक माझ्या तोंडावर खरं बोलणार नाहीत. तुम्ही लांबचे, तुम्ही सांगाल. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

आणि खाली, एकाखाली एक, तिच्याच कागदावरची बारा वाक्यं पाच-पाच वेळा. असेच गात राहा, थांबू नका. महाराष्ट्राला गरज आहे. असेच गात राहा, थांबू नका. सुकदेवकाकांनी तर उत्साहात एकाच अभिप्रायात तेच दोनदा लिहिलं होतं.

पोरं आली, बसली, मॅडम मॅडम करायला लागली, तरी तिला ऐकू येईना. दुपारी तिनं त्याला निरोप लिहायला घेतला. खरं काय ते सगळं लिहिलं, आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं की नोकरी सोडू नका, मिळालेलं हातचं घालवू नका, गाणं पुढंही होईल. त्याचं उत्तर तासाभरात आलं. ‘मोहिनीताई, तुमची काळजी कळते. पण एकट्या तुम्हीच घाबरताय. बाकी बासष्ट जणांचं मत वेगळं आहे.’

त्याच क्षणी लिहायला हवं होतं तिनं, की बाबा रे, ते बासष्ट म्हणजे मीच. तेवढे चार शब्द. पण लाज अशी आडवी आली की ती मूग गिळून बसली. मनाला समजावलं की असलं लिहून सांगायचं नसतं, समोर जाऊन सांगू. रविवारी सकाळी सांगू. सोमवारचा पूर्ण दिवस हातात आहे. शहाणी माणसं स्वतःला असंच समजावतात.

रविवारी ती साडेदहालाच धुळ्यात पोचली. वाचनालयाच्या जिन्यातच शेवभाजीचा वास आला. वरच्या हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या मांडलेल्या, समोर सतरंजी, माइक. खुर्च्यांवर कुणी नाही. वाचनालयाचे भटूनाना दाराशी स्टुलावर बसलेले, आणि कोपऱ्यात दोन मोठी पातेली, भाकरींच्या चार चळती फडक्यात बांधून ठेवलेल्या, त्यांच्याजवळ एक बारीकशी बाई. ती समाधानची आई, पार्वताबाई. समाधान नवा पांढरा सदरा घालून खिडकीतून रस्ता बघत होता. मोहिनीनं नाव सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा असा उजळला की तिला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. बाकीचे मागून येताहेत ना, एवढंच त्यानं विचारलं.

तिनं त्याला जिन्यात नेलं आणि सांगितलं. वीस मशीन, तीन बॅचेस, बारा वाक्यांचा कागद, सगळं. रडली नाही, रडायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळत होतं. शेवटी म्हणाली की उद्याचा दिवस आहे, होय म्हणून लिहून द्या, मी शाळेत येऊन कुणाच्याही पाया पडते.

समाधान बराच वेळ कठड्यावरची धूळ बोटानं पुसत राहिला. मग म्हणाला की नकार त्यानं कालच नेऊन दिला. आज मोकळ्या मनानं गाता यावं म्हणून. शाळेचे लोक तर वाटच बघत होते, ती जागा त्यांना आपल्या माणसाला द्यायची होती. दुपारपर्यंत दुसऱ्याचा कागद तयारही झाला.

“मग गाणी?” त्यानं विचारलं. “तुम्हाला तरी आवडली होती का?”

खोटं बोलणं फार सोपं होतं. मोहिनीला ते जमलं नाही.

“पहिलं फार आवडलं. अजून पाठ आहे.”

“आणि बाकीची?”

“बाकीची लावली. ऐकली नाहीत.”

त्यानं मान हलवली, बसच्या वेळा विचाराव्यात आणि कुणी सांगाव्यात तशी. ओरडला नाही, शिवी दिली नाही. दिली असती तर मोहिनीला बरं वाटलं असतं. “आईला आज नका सांगू,” एवढंच म्हणाला आणि वर गेला.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मग तो माइकसमोर बसला आणि गायला लागला. समोर ऐंशी खुर्च्या, त्यांत मोहिनी, भटूनाना आणि खालून पेपर वाचता वाचता वर आलेले एक म्हातारेबुवा. नऊच्या नऊ गाणी गायला. मोहिनीनं मधली सात गाणी पहिल्यांदाच नीट ऐकली. चांगली होती हो. काही तर पहिल्यापेक्षाही चांगली होती. एक त्याच्या वडिलांवरचं होतं, शाळेची घंटा देणाऱ्या माणसाच्या कानात सुट्टीच्या दिवशीही घंटा वाजते, असं काहीसं. ती मांडीवर हात आवळून बसली, आणि शेजारी येऊन बसलेल्या पार्वताबाई सारख्या दाराकडं बघत राहिल्या.

त्यांना वाचता येत नव्हतं. पण समाधाननं प्रत्येक अभिप्राय त्यांना वाचून दाखवला होता आणि बाईंनी ती नावं सोयऱ्यांची करावीत तशी पाठ केली होती. हळू आवाजात त्या एकेकाची चौकशी करू लागल्या. पाचोऱ्याची ऋतिका येणार ना? तेजसची परीक्षा झाली का? सुकदेवभाऊ वयस्कर असतील, त्यांना जिना चढवेल का? मोहिनी हो हो करत गेली. मग सगळे आहेत तरी कुठं, हे त्यांनी सरळच विचारलं.

“बठ्ठा लोके कोठे शेतस, बेटा?”

गाणं चालू होतं. समाधान डोळे मिटून गात होता. मोहिनीच्या तोंडून निघून गेलं की सगळे एका गाडीनं निघालेत, पारोळ्याला गाडी बंद पडली, दुरुस्त होतेय. म्हणजे सहा महिन्यांत केलं ते कमी पडलं म्हणून हे वर. पण त्या माउलीच्या तोंडाकडं बघून खरं बोलून दाखवावं एखाद्यानं.

एक वाजला. भटूनानांना हॉल बंद करायचा होता. पार्वताबाईंनी मोहिनीला जेवायला वाढलं, समोर बसून वाढलं, तिसरी भाकरी नको म्हणता म्हणता ताटात टाकली. आणि तिचं जेवण होईतो त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. पाव्हणे आपल्याकडं यायला निघाले आणि रस्त्यात उपाशी अडकले, हे त्यांना सहन होणारं नव्हतं. त्यांच्या माहेरी म्हणे वऱ्हाडाची बैलगाडी नाल्यात अडकली तेव्हा त्यांच्या आजीनं स्वयंपाक डोक्यावर घेऊन तीन कोस चालत नेला होता. पातेल्यातली भाजी त्यांनी दोन मोठ्या डब्यांत भरली, भाकरी दोन गाठोड्यांत बांधल्या, कांदा-मिरची वेगळी. मोहिनी परत जाणारच आहे, तर पारोळ्याला उतरून सगळ्यांना वाढून पुढं जाईल. समाधाननं गाठोडी उचलली आणि आईबरोबर धुळ्याच्या स्टँडपर्यंत चालत आला.

एसटीत त्यानं सगळं मोहिनीच्या शेजारच्या सीटवर नीट लावून दिलं, डबा सांडू नये म्हणून खाली कागद घातला. आई खाली कंडक्टरशी बोलत होती, तेवढ्यात तो वाकून म्हणाला, “चार वाजता उठून केलंय तिनं. फेकू नका.” आणि उतरून गेला.

गाडी निघाल्यावर मोहिनी रडली. आता बघायला कुणी ओळखीचं नव्हतं. तिनं ठरवलं की जळगावला जाऊन काय ते बघू, वसतिगृहात देऊ, मंदिरात देऊ, कुठंही देऊ. पारोळं आलं. गाडी स्टँडात लागली आणि कंडक्टर तिच्यापाशी येऊन उभा राहिला.

“ताई, उतरा. तुमच्या पाव्हण्यांची गाडी इथंच बंद पडलीय ना? त्या मावशीनं हात जोडून सांगितलंय मला, विसरू नको म्हणून.”

तिनं काही म्हणायच्या आत त्यानं दोन्ही गाठोडी उचलली. भला माणूस. दोन बायकांनी डबे पुढं सरकवून दिले. पाव्हण्यांसाठी आहे, सांभाळून, असं एकमेकींना सांगत त्यांनी मोहिनीला खाली उतरवलं. गाडी गेली. मोहिनी स्टँडाच्या बाकावर बसली, पायाशी डबे, मांडीवर गाठोडं. समोर रसवंतीवाला, दोन रिक्षा, एक झोपलेलं कुत्रं. साठ माणसांचं जेवण घेऊन ती बसली होती आणि तिला पारोळ्यात एक माणूस माहीत नव्हतं.

फोन वाजला. समाधानचा नंबर होता, स्टँडवर आईनं दोघांना एकमेकांचे नंबर घ्यायला लावले होते; बोलत मात्र पार्वताबाई होत्या. पाव्हणे भेटले का, असं त्यांनी विचारलं. मागं शिंदखेड्याच्या गाडीचा पुकारा चालला होता आणि समाधान जवळच असणार, पण त्याचा आवाज आला नाही.

“भेटले, मावशी,” मोहिनी म्हणाली. “जेवताहेत.”

“मंग बरं झायं,” पार्वताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. “त्यासले सांग, आते तुम्ही नका येऊ इतला लांब. येवाना ऐतवारे आम्हीच येतस जयगावले.”

पुढच्या रविवारी, जळगावला. मोहिनीनं गाठोड्याची गाठ घट्ट धरली आणि सांगते म्हणाली.